तुम्ही विचारलंत म्हणून: विकायचं काय?

‘तासाचा दर लावू, पॅकेज करू की महिन्याचं ठरवून टाकू?’ नव्याने फ्रीलान्सिंगला उतरलेलं कुणीतरी हे विचारतंच. मी संपादनाची कामं करते, तेव्हा उत्तर त्या अनुभवातलं आहे.

सुरुवातीला मी ‘लेखनाशी संबंधित सर्व कामं’ विकत होते. म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं. एका संस्थेचा अहवाल तपासायला घेतला, रक्कम ठोक ठरली. माझा अंदाज १२ तासांचा. फाइल पाठवली, तर वरिष्ठांनी तिसरं प्रकरण नव्याने लिहून आणलं. ‘एवढं जरा बघून घ्या ना.’ बघितलं. मग दुसऱ्याचे शेरे आले, मग मुखपृष्ठावरच्या ओळी. शेवटी ३१ तास झाले. आणि त्यांची काही चूक नव्हती. काम कुठे संपतं हे मी कुठे लिहिलंच नव्हतं!

त्यानंतर वर्षभराची बिलं काढून बसले. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: खरे तास किती लागले आणि गिऱ्हाईक परत आलं का. ज्या कामांचा मला अभिमान होता, ती ब्रँडची घोषवाक्यं वगैरे, त्यांत तासाला सगळ्यात कमी पैसे पडत होते. अहवालाचं शेवटचं वाचन हे कंटाळवाणं काम. पण त्यासाठी तिघं दुसऱ्यांदा आले होते. मन जरा खट्टू झालं, पण विकायचं काय ते कळलं.

आता माझं पॅकेज, म्हणजे ठरलेल्या कामाची ठरलेली रक्कम, असं असतं: १०,००० शब्दांपर्यंतचा अहवाल, ट्रॅक चेंजेस लावून (म्हणजे फाइलमध्ये केलेला प्रत्येक बदल दिसेल असं) एक सविस्तर वाचन, तुम्ही बदल स्वीकारल्यावर एक पडताळणी, कामाचे ७ दिवस, निम्मे पैसे आधी. मजकूर नव्याने लिहिला गेला, तर ते नवं काम.

तासाचा दर मी फक्त सल्ल्याला लावते, कारण तिथे शेवट आधी दिसत नाही. एरवी तो लावला, की हात जितका बसतो तितकी कमाई घटते. पूर्वी ५ तास घेणारं काम आज ३ तासांत होतं, मग २ तासांचे पैसे का सोडायचे? महिन्याच्या कराराबद्दल मी जरा पूर्वग्रहदूषितच आहे. समोरच्याला वाटतं की तुम्हालाच विकत घेतलंय, आणि रविवारी रात्री फोन वाजतो. दोन-तीन कामं एकत्र करून माणूस कळल्याशिवाय मी त्या वाटेला जात नाही. तसा करार केलाच, तर त्या महिन्यात न वापरलेले तास पुढे जात नाहीत, हे आधीच लिहून घेते.

‘अजून एक फेरी होईल का?’ हे अजूनही येतं. मी दर कळवते. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मग राहू दे, तसं ठीकच आहे.’