1448 ला उत्तर, 1449 ला शांतता

दोन कॅम्पसमध्ये जीआरई टनेल होता, म्हणजे एक पॅकेट (डेटाचं पाकीट) दुसऱ्याच्या पोटात घालून पलीकडे न्यायची वाट. सकाळीच परीक्षा विभागाची तक्रार आली: सर्व्हरवर लॉगिन होतं, छोटी यादी उघडते, पण 6 एमबीची पीडीएफ उतरवायला घेतली की शून्य टक्क्यांवरच अडकते. पिंग मात्र व्यवस्थित. अशा वेळी केबल तपासण्यात वेळ घालवू नये, आधी पॅकेटचा आकार बघावा.

सर्व्हरवरून डीएफ बिट लावून पिंग केलं, म्हणजे वाटेत कुणी पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत. 1472 बाइट डेटा, 8 आयसीएमपी हेडर (आयसीएमपी म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत, पिंगही त्यातलंच; हेडर म्हणजे पॅकेटवरची पत्त्याची चिठ्ठी), 20 आयपी हेडर, एकूण 1500, म्हणजे नेटवर्कची नेहमीची मर्यादा. उत्तर नाही. आकार कमी करत गेलो. 1448 ला उत्तर आलं, 1449 ला परत काही नाही. 1448 अधिक 28 म्हणजे 1476. जीआरई आपल्या हेडरांसाठी 1500 तले 24 बाइट खातो, हिशेब जुळला.

खटकली ती शांतता. पॅकेट मोठं असेल तर टनेलच्या तोंडावरच्या राउटरने ‘1476 मध्ये बसवा’ असा निरोप मागे धाडायचा असतो: आयसीएमपी प्रकार 3, कोड 4. राउटरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावला तर निरोप निघताना दिसला. सर्व्हरवर लावला तर आलेलाच नाही. तिथे 1500 बाइटांचं तेच पॅकेट, तोच सिक्वेन्स क्रमांक, पुन्हा पुन्हा जात होतं आणि दर वेळी मधलं अंतर दुप्पट होत होतं. मधल्या फायरवॉलवर सुरक्षेसाठी म्हणून पिंग सोडून बाकी सगळा आयसीएमपी बंद केलेला होता.

हा निरोप बंद करणं म्हणजे इंटरनेटचा पायाच काढून घेणं. वेगवेगळ्या मालकांची, वेगवेगळ्या पॅकेट-आकारांची नेटवर्क आहेत तशी जोडायची, हा इंटरनेटची मूळ रचना करणाऱ्या विंट सर्फ आणि बॉब कान यांचा 1974 चा आराखडा. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन निधीतला. वरून हुकूम सोडणारा कुणी नाही, म्हणून जिथे अडलं तिथल्याने मागच्याला कळवायचं. आयसीएमपीचं आरएफसी 792 (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणारा क्रमांकित कागद) जॉन पोस्टेल यांनी 1981 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेतून काढलं. वाटेतली सर्वात लहान मर्यादा शोधायची रीत 1990 च्या आरएफसी 1191 मध्ये आली. तिचे लेखक दोघं: डीईसी कंपनीच्या प्रयोगशाळेतले जेफ्री मोगल आणि स्टॅनफर्डचे स्टीव्ह डीअरिंग. कागद सर्वांना खुला, म्हणून एका कंपनीच्या राउटरचा निरोप दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला वाचता येतो. त्या दिवशी वापरलेली हत्यारंही सार्वजनिक पैशातलीच. पिंग माइक म्यूस यांनी 1983 मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक प्रयोगशाळेत लिहिलं, टीसीपीडंप लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं.

तातडीचा उपाय म्हणून टनेलवर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती डेटा भरायचा तो आकडा, 1436 ला बांधला: 1476 वजा दोन हेडरचे 40. जुनी कनेक्शन तशीच अडकून राहतात, कारण एमएसएस कनेक्शन सुरू करणाऱ्या सिन पॅकेटमध्येच ठरतो. ब्राउझर बंद करून नव्याने उघडल्यावर पीडीएफ उतरली. पण हा इलाज फक्त टीसीपीपुरता, म्हणजे पीडीएफ ज्या पद्धतीने उतरते तिच्यापुरता; यूडीपी या दुसऱ्या पद्धतीला त्याचा उपयोग नाही. म्हणून फायरवॉलवर प्रकार 3, कोड 4 उघडला, 1472 चं पिंग पुन्हा केलं. आता पडद्यावर मर्यादा 1476 असल्याचं स्पष्ट उमटलं.

त्याच बैठकीत आयपीव्ही6 (आयपीची नवी आवृत्ती) मधला तसाच निरोप, आयसीएमपी प्रकार 2, तोही उघडून घेतला. तिथे मधला राउटर पॅकेटचे तुकडे कधीच करत नाही, त्यामुळे निरोप अडला की मोठं पॅकेट वाटेतच हरवतं आणि पाठवणाऱ्याला कळत नाही.