तुम्ही विचारलंत म्हणून : तो निळा रंग खरा का?

चमकणाऱ्या जिवाणूंनी मी माशाचं चित्र काढते. त्याचा फोटो पाहून झाला की बहुतेक जण एकच विचारतात, "मॅडम, हे खरंच एवढं निळं दिसतं, की कॉम्प्युटरवर रंग चढवलात?"

रंग मी चढवलेला नाही. पण फोटो काढला त्या रात्री तुम्ही माझ्या शेजारी उभे असतात तर तुम्हालाही तो दिसला नसता.

माझे जिवाणू येतात मासळीबाजारातून. ताजी माकूल (स्क्विड) आणायची आणि नळाखाली अजिबात धुवायची नाही, कारण हे खाऱ्या पाण्यातले जीव, गोड्या पाण्याने फुटून मरतात. मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून ती गार जागी रात्रभर ठेवली की कधीकधी अंगावर बारीक ठिपके उजळतात. कधीकधीच. नुसता वास सहन करून हात हलवत परतण्याची वेळ मोजायची तर मी लाजेन. उजळलेला ठिपका सुईने उचलून मिठाच्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, वाढवायचा. (कोकणातल्या रात्री चमकणाऱ्या लाटा म्हणजे हेच का, असंही विचारतात. नाही. ते बहुधा नॉक्टिल्युका, वेगळा एकपेशीय जीव.)

मग चित्र. इथे गंमत अशी की काढताना काहीच दिसत नाही. ब्रशवर असतं गढूळ पाणी, अगारही जवळपास त्याच रंगाचं. मासा काढते आहे हे फक्त माझ्या मनगटाला ठाऊक. शिवाय थोडे जिवाणू असले तर ते उजळत नाहीत. प्रत्येक जण एक रसायन बाहेर सोडत असतो, आणि दाटी होऊन ते पुरेसं साठलं की मगच उजेडाचं यंत्र चालू होतं. त्यामुळे आपण कुठे चुकलो ते दुसऱ्या दिवशी कळतं. तिसऱ्या दिवशी रेषा पसरून माशाचा भोपळा होतो.

हवाही लागते. पाण्यात वाढवलेल्या जिवाणूंची (पातळ कल्चरची) बाटली ठेवून दिली की विझत जाते, हलवली की झपकन उजळते. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने चमकणारं लाकूड आणि मासे काचेखाली ठेवून पंपाने हवा काढून घेतली, तेव्हा ती चमक मावळली होती. ही बाटली मी प्रत्येक नव्या बॅचला हलवायला देते. मुलं ती परत द्यायला तयार नसतात.

आता निळ्याचं. हा उजेड साधारण ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळा-हिरवाच. पण तो इतका मंद असतो की डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. जागी असतात ती नुसता उजेड-अंधार कळणारी मंडळी, आणि त्यांनाही तयार व्हायला वीसेक मिनिटं अंधार लागतो. त्यामुळे दिसतं ते राखाडी, धुरकट. कॅमेऱ्याला हा त्रास नाही. ट्रायपॉडवर शटर तीस सेकंद, कधी चार मिनिटं उघडं ठेवलं की तो उजेड साठवत राहतो. फोटोतला मासा म्हणजे चार मिनिटांची बेरीज. खोटा नाही, पण कुणाच्या डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. प्रागमध्ये हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी जिवाणूंच्याच उजेडात फोटो काढले, तेही असंच थांबून.

म्हणून हल्ली बघायला येणाऱ्यांना मी आधी अंधाऱ्या खोलीत बसवते, फोटो नंतर. मोबाइल बाहेर, दाराच्या फटीला काळा कागद. बरेच जण पाच मिनिटांत कंटाळतात. आमच्या विभागातले शिपाईमामा एकदा कुलूप लावायला आले आणि बसले. पंधरा मिनिटं "काय दिसत नाय मॅडम" चाललं होतं. मी म्हटलं, सरळ नका बघू, जरा बाजूला बघा. कडेच्या नजरेला मंद उजेड जास्त कळतो. मामा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "मासा हलला."

हलला नव्हता. अंधारात एका ठिपक्याकडे टक लावली की तो सरकल्यासारखा वाटतो. मी ते सांगितलं नाही. मीही बघत बसले.