गाढवाला कुठला डॉक्टर बघतो?

‘तुमच्या शेवंताला कुठला डॉक्टर बघतो हो?’ गोराईच्या बोटीत, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठेही मला हे विचारतात. गेल्या महिन्यात विरारच्या एका मुलीने रात्री अकराला फोन केला. तिच्यासमोर रस्त्याच्या कडेला एक लंगडं गाढव उभं होतं. म्हणून आता एकदा सविस्तर लिहिते.

शेवंता ही माझी गाढवी, तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे गोराईला आली. त्याआधी ती कांदिवलीच्या एका गल्लीत राडारोडा वाहायची. जुनी इमारत पाडत होते, आत ट्रक शिरत नव्हता. 1965 च्या नियमांप्रमाणे गाढवावर 50 किलोच्या वर ओझं लादता येत नाही, पण तिथे गोण्या वजन करून कोण भरतंय? काम संपलं, बाकीची गाढवं गेली आणि ही मागे राहिली, कारण पुढचा डावा पाय ती टेकवतच नव्हती.

मोकळं दिसलेलं गाढव बेवारस असेलच असं नाही. मालक त्यांना चरायला सोडून देतात, आणि त्यांच्या घरची चूल त्याच पाठीवर पेटते. आम्ही मुकादमाकडून मालकाचा नंबर मिळवला. ‘आता कामाची नाही, न्या,’ असं त्याने कागदावर लिहून दिलं. तो कागद पोलीस ठाण्यात दाखवला आणि मगच टेम्पो बोलावला. एवढं सगळं नीट केलं, पण तिला एकटीला आणलं. ती माझी मोठी चूक.

आमचे नेहमीचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. ते बिचारे लगेच आले, वेदनाशामक इंजेक्शन दिलं. ‘शांत आहे, फार दुखत नसावं,’ असं म्हणाले. मलाही तसंच वाटलं. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, कान आडवे पडलेले. गवत तोंडात धरायची आणि तसंच खाली टाकायची. तिसऱ्या दिवशी तिने लीदही टाकली नाही. घोड्याचं पोट दुखलं तर तो लोळतो, पोटाला लाथा मारतो. गाढव बहुतेक वेळा नुसतं उभं राहतं, आणि आपण त्याला शहाणं म्हणतो.

ओळखीतल्या एका मोतद्दाराने, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे सांभाळायचा तो, घोड्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला. त्यांनी फोनवरच विचारलं, ‘काल लीद किती वेळा टाकली? पाणी किती प्यायली? जोडीला कोण आहे?’ कुणीच नाही म्हटल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘उद्या सकाळी येतो.’ भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने गाडी काढून ते आलेही. डॉक्टर योग्य की अयोग्य, हे मी आता त्या तीन प्रश्नांवरून ओळखते.

रक्त काढायला वेळ लागला. गाढवाच्या मानेत कातडीखालचा स्नायू घोड्यापेक्षा जाड असतो, शीर पटकन सापडत नाही. त्यांनी नळी खिडकीत उभी करून ठेवली. हळूहळू लाल भाग खाली बसला. वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं होतं, तिथे पेजेसारखा पांढुरका थर आला. ‘ही चरबी,’ डॉक्टर म्हणाले. गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, इतकी की यकृत आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. दुखणं, प्रवास, जोडीदाराची ताटातूट, यातलं एकही कारण त्याला पुरतं. तिच्या वाट्याला तिन्ही आली होती.

सलाईन लागलं, ग्लुकोज दिलं. खूर कोरल्यावर आतून काळा, कुजका पू निघाला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. वेदनाशामकाचं वेळापत्रकही बदललं, कारण काही औषधं गाढवाच्या अंगातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात. म्हणून घोड्यांचा डॉक्टर शोधा, पण गाढव म्हणजे बुटका घोडा नव्हे हे पक्कं ठाऊक असलेला.

दुसऱ्या दिवशी मी मालकाला फोन केला. तिच्याबरोबर चालणारी बकुळा नावाची एक म्हातारी गाढवी त्याच्याकडे होती, ती मी विकत घेतली. टेम्पोचा फाळका खाली पडला तशी शेवंता आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा ओरडली. बकुळा उतरली, तिच्या मानेला नाक लावून उभी राहिली, आणि मग समोरचा कडबा खाऊ लागली. थोड्या वेळाने शेवंताने त्याच पेंढीत तोंड घातलं. मी तिथेच ओट्यावर बसून रडले.

मुंबईत शोधायचं तर परळपासून सुरुवात करा. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, तिथेच आहे. 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचंच. गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत येणारे म्हशींचे डॉक्टर मध्यरात्री सलाईन लावायला देवासारखे धावून येतात, फक्त घोड्यांच्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या. नवीन जनावराची ग्लँडर्सची तपासणी मात्र टाळू नका. हा रोग माणसालाही होतो.

डॉक्टरइतकाच नालबंद महत्त्वाचा. आमच्या नालबंदाचे वडील व्हिक्टोरियाच्या घोड्यांना नाल ठोकायचे. 2015 मध्ये हायकोर्टाने त्या गाड्या बंद करायला सांगितल्या, आता हा वरातीच्या घोड्यांवर पोट भरतो. दर सहा-आठ आठवड्यांनी येऊन दोघींचे खूर कापून देतो. ‘अडला हरी’ची म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, आता रोज संध्याकाळी खरोखरच गाढवाचे पाय धरते. खुरातला चिखल काढते, वास घेऊन बघते. पावसाळ्यात जास्तच, कारण त्यांच्या अंगावरून पाणी घोड्यासारखं निथळत नाही, मुरतं. वर पक्कं छप्पर आणि खाली कोरडी जमीन हवीच.

लोक प्रेमाने पाव, बिस्किटं, गूळ आणतात. मी हात जोडून परत करते. गाढवांना कडबा, पेंढा, सुकं गवत, आणि हिरवा चारा मोजकाच. दाराशी एक वही टांगलेली आहे, तिच्यात खाणं, लीद आणि ताप लिहिते. गाढवाचं तापमान साधारण 36.5 ते 37.8 अंश सेल्सिअस असतं. आपलं गाढव बरं असताना कसं असतं हे लिहिलेलं असलं, की फोनवर डॉक्टरांना नेमकं काय बिघडलं ते सांगता येतं.

विरारच्या मुलीला मी आधी विचारलं, ‘त्याच्याबरोबर आणखी कोण आहे?’ ती म्हणाली, एकटंच आहे. जरा टॉर्च फिरव म्हटलं. नाल्याच्या भिंतीपलीकडे दुसरं गाढव उभं होतं, इकडेच बघत. सकाळी मालकाला गाठ, मी सांगितलं, आणि न्यायचं झालं तर दोघांना एकाच टेम्पोत ने.