कर्नाकचा मातीचा उतार

इजिप्तमध्ये लक्सरला कर्नाकच्या मंदिरात पहिल्या पायलॉनच्या, म्हणजे दोन जाड बुरुजांच्या प्रवेशद्वाराच्या, दारातून आत आलात की सरळ पुढे जाऊ नका. उजवीकडे वळा आणि आलात त्या दिशेला तोंड करून उभे राहा. दक्षिणेकडच्या बुरुजाला आतल्या अंगाने कच्च्या विटांचा मोठा ढीग टेकलेला दिसेल. जवळजवळ सगळ्यांना तो पडझडीचा राडारोडा वाटतो. प्रत्यक्षात तो बांधकामाचा उतार आहे, दगड वर चढवण्यासाठी रचलेला.

हा पायलॉन 113 मीटर रुंद आणि 15 मीटर जाड आहे. तो 30व्या राजघराण्यातल्या पहिल्या नेक्टानेबोच्या काळातला (इ.स.पू. 380 ते 362) मानला जातो. काम पुरं झालं नाही, म्हणून उतारही काढला गेला नाही. काम तडीस गेलं असतं तर ही माती कधीच हलवली गेली असती, आणि एवढे दगड वर कसे नेले याचा इतका ढळढळीत पुरावा आपल्याला इथे मिळाला नसता. आमच्या गाइडने इथे अर्धं मिनिटही दिलं नाही. मेंढ्याच्या तोंडाच्या स्फिंक्सपाशी फोटो, आणि तिथून थेट 134 खांबांच्या दालनाकडे. मागून आलेले गटही तसेच गेले. मला याचा खरोखर राग येतो. लोक हजारो मैलांवरून येतात, ‘हे कसं बांधलं असेल?’ असं एकमेकांना विचारतात, आणि उत्तराकडे पाठ करून पुढे जातात.

पद्धत अशी होती. दगडाचा एक थर बसवायचा, तेवढ्या उंचीपर्यंत माती आणि विटांची भर घालायची, भरीवरून घसरगाडीने पुढचा थर ओढून आणायचा. लाकडी परांच्या उभ्या करायच्या तर लांब, सरळ लाकूड हवं. इजिप्तमध्ये ताड-खजूर, बाभळीच्या जातीची झाडं आणि रानउंबर, एवढंच. चांगलं देवदार लेबनॉनहून आणावं लागे. माती मात्र नाईल दरवर्षी दारात आणून टाकत होती. दगड बसवताना त्याचा दर्शनी भाग ओबडधोबडच ठेवत. सगळे थर चढले की वरून खाली भर काढत यायचं आणि उघडा पडेल तेवढा भाग घासून, तासून, कोरून घ्यायचा. म्हणजे भिंत खालून वर बांधली जाई, पण तिचं रूप वरून खाली उतरत येई. याच अंगणाच्या दक्षिण बाजूला अर्धवट राहिलेले खांब आहेत. त्यांचे दगड अजून चौकोनी, खडबडीत आहेत, गोलाई आलेलीच नाही. उतार आणि हे खांब एकत्र पाहिले की सगळा क्रम डोळ्यांपुढे उभा राहतो.

उतार म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. नुसती माती ओझ्याखाली बाजूला सरकते. म्हणून आत विटांच्या आडव्या-उभ्या भिंतींचे कप्पे करून ते भरत. अ‍ॅनास्टासी पपायरस क्रमांक 1 या प्राचीन इजिप्शियन हस्तलिखितात एक लेखनिक दुसऱ्याला खिजवून हिशेब विचारतो: 730 हात लांब, 55 हात रुंद, माथ्यावर 60 हात उंच असा उतार करायचा आहे, त्यात बोरू आणि तुळयांनी भरलेले 120 कप्पे आहेत, तर विटा किती लागतील ते सांग! इजिप्तचा राजहात सुमारे 52.5 सेंटिमीटरचा. म्हणजे लांबी साधारण 383 मीटर, उंची साडेएकतीस, आणि चढ बारास एक. दगडांनी भरलेली घसरगाडी माणसांना ओढता यावी असाच हा चढ आहे.

ही रीत कालबाह्य झाली होती असंही नाही. 3 ऑक्टोबर 1899 रोजी त्याच 134 खांबांच्या दालनातले 11 खांब कोसळले. जॉर्ज लग्रँ या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ते पुन्हा उभे केले, आणि त्यासाठी दालनात मातीची भर घालून तिच्यावरूनच दगड खालीवर नेले.

आता त्या दालनाकडे. कैरो आणि गिझाचे दिवस मी इथे सोडून देते; गिझाची गर्दी, उंटवाल्यांचा तगादा यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. दालन मात्र सोडवत नाही. मधले 12 खांब सुमारे 21 मीटर उंच, बाजूचे 122 त्यांच्याहून बरेच बुटके. उंचीतल्या या फरकाच्या जागेत दगडी जाळ्यांच्या खिडक्या आहेत आणि उजेड तिथून येतो. एवढे खांब भव्यतेसाठीच असावेत असं वाटतं, पण त्यामागे दगडाचा स्वभाव आहे. दगड दाब पेलतो, ताण पेलत नाही. आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि अंतर वाढलं की ती मधोमध तडकते. चुनखडकात हे अंतर फार लवकर संपतं. नवराज्याच्या (इजिप्तच्या इतिहासातल्या साम्राज्याच्या) काळापासून थेब्सच्या, म्हणजे प्राचीन लक्सरच्या, मंदिरांसाठी दक्षिणेकडच्या गेबेल एल-सिलसिलाच्या खाणींतला वालुकाश्म वापरला जाऊ लागला, कारण त्याच्या लांब तुळया निघतात. तिथे नाईल अरुंद होते आणि खाणी थेट काठावर आहेत, त्यामुळे दगड काढला की होडीत. नदी उत्तरेकडे वाहते, म्हणून भरलेली होडी प्रवाहाबरोबर खाली येते आणि परत जाताना उत्तरेचा वारा शिडात भरतो. वाहतुकीची इतकी सोय असलेला देश दगडाला घाबरला नाही यात नवल नाही.

1899 मध्ये खांब पडले ते पायामुळे. दालनाच्या पायात आधीच्या अखेनातेन या राजाच्या पाडलेल्या इमारतींचे छोटे ठोकळे भरले होते, प्रत्येक साधारण एक हात लांब आणि अर्धा हात रुंद. नाईलचा पूर दरवर्षी जमिनीखालून वर यायचा आणि ओसरायचा. पाण्यातले क्षार दगडात शिरायचे, वाळताना त्यांचे स्फटिक फुगायचे आणि दगड आतून भुसभुशीत व्हायचा. अस्वान धरणानंतर पूर थांबला, पण क्षार थांबले नाहीत. शेतीला बारमाही पाणी मिळू लागलं आणि भूजल वर्षभर वरच राहू लागलं. भिंतींच्या खालच्या हात-दोन हात भागात कोरीवकामाचे पापुद्रे सुटलेले दिसतात ते यामुळे. त्या भागाला टेकून फोटो काढणाऱ्यांना मी हटकते, आणि तुम्हीही हटकावं असं मला मनापासून वाटतं.

दगडाच्या या सगळ्या थाटामागे माती आणि बोरू आहे, हे कैरोजवळच्या सक्काऱ्याला सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथे जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडकडे धावण्याआधी प्रवेशाच्या खांबओळीत थांबा. इ.स.पू. 27व्या शतकातलं हे बांधकाम त्याचा वास्तुकार इम्होतेप याच्या नावावर आहे. दोन्ही बाजूंना 20-20 खांब, सगळे बोरूच्या जुड्या बांधाव्यात तसे पन्हळीदार. पण त्यातला एकही मोकळा उभा नाही. प्रत्येक खांब एका आखूड भिंतीने मागच्या भिंतीला जोडलेला आहे. दगडावर अजून भरवसा बसलेला नव्हता. छताचे दगड खालून ताडाच्या ओंडक्यांसारखे गोल केलेले आहेत. एक दार तर कायम उघडं आहे, कारण ते दगडातच उघडं कोरलं आहे. तटबंदीचे ठोकळेही लहान आहेत, विटा रचणाऱ्या हातांना झेपतील एवढे. मंदिरांच्या माथ्यावर जो बाहेर झुकणारा पन्हळी कठडा दिसतो तो बोरूच्या कुंपणावर झुललेल्या झावळ्यांचा आहे, आणि कोपऱ्यावरची गोल पट्टी ही कोपऱ्याला बांधलेली जुडी. काही ठिकाणी तिच्यावर दोरीचे वेढेसुद्धा कोरले आहेत.

विटेबद्दल थोडं. नाईलचा गाळ एकटा घेतला तर वाळताना आकसतो आणि तडे जातात. म्हणून वाळू आणि बारीक कापलेला पेंढा मिसळायचा, पाणी घालून तुडवायचं आणि गारा काही दिवस मुरू द्यायचा. आपल्याकडे धाब्याच्या घरासाठी पांढरी माती भुसा घालून कुजवतात, तसंच. मग तळ नसलेला लाकडी साचा जमिनीवर ठेवून भरायचा आणि लगेच उचलायचा. वीट एका बाजूने सुकली की उलटायची, नाहीतर ती वाकते. लांबी रुंदीच्या दुप्पट, म्हणजे सांधमोड बरोबर जमते. लक्सरच्या पश्चिम काठावर वजीर रेखमिरेच्या थडग्यात हे सगळं रंगवलेलं आहे: हौदातून पाणी काढणारे, कुदळीने गारा कालवणारे, साचा उचलणारे. शेजारीच एका इमारतीला टेकलेला उतारही आहे.

कर्नाकभोवतालची विटांची तटबंदी पाहिलीत तर तिचे थर सरळ नाहीत. एका टप्प्यात ते मधे खोलगट, पुढच्यात फुगीर, असे लाटांसारखे जातात. काही अभ्यासक ही सृष्टीच्या आदिजलाची खूण मानतात, काही म्हणतात की ओली-सुकी होणारी जमीन हलली तरी भिंत टप्प्याटप्प्याने बसावी म्हणून तसं केलं. मला दुसरं कारण जास्त पटतं. टप्पे वेगळे बांधल्याने तडा टप्प्याच्या सांध्याशी थांबतो.

पश्चिम काठावर बसगाड्या राजांच्या दरीकडे जातात. तुम्ही रामेसियमला, म्हणजे दुसऱ्या रामेसिसच्या मंदिराला, वेळ ठेवा, आणि पडलेल्या अजस्र पुतळ्यापाशी न रेंगाळता मागच्या कोठारांकडे जा. दुसऱ्या रामेसिसच्या काळातल्या, इ.स.पू. 13व्या शतकातल्या कच्च्या विटांच्या कमानदार छतांच्या ओळी तिथे अजून उभ्या आहेत. त्यांना खालून लाकडी आधार कधी दिलाच नव्हता. आधी टोकाची भिंत उभी करायची. कमानीचं पहिलं कडं तिला रेलून तिरपं लावायचं, दुसरं पहिल्याला, असं पुढे जायचं. वीट तिरपी असल्याने गाऱ्याने धरेपर्यंत घसरत नाही, आणि कडं पूर्ण झालं की स्वतःच्या दाबाने उभं राहतं. या विटा पातळ, जास्त पेंढ्याच्या आणि हलक्या असतात. त्यांच्या तोंडावर बोटांनी चर ओढलेले असतात, म्हणजे गारा पकडतो. बाहेरच्या अंगाला फट रुंदावते तिथे खापरीचे तुकडे ठोकायचे. टोकाची भिंत ढासळली तर तिला रेललेली कडी एकेक करून सुटतात. जिथे छत उघडं पडलं आहे तिथे काठाशी ही तिरपी रचना बाजूने नीट दिसते.

हसन फाथी या वास्तुविशारदाने 1940च्या दशकात याच पश्चिम काठावर न्यू गुर्ना गाव याच रीतीने बांधलं. आधाराशिवाय छत कसं घालायचं हे त्यांना अस्वानकडच्या नुबियन गवंड्यांनी दाखवलं होतं. छताची वीट 25 × 15 × 5 सेंटिमीटरची, दोन तिरक्या चरांची. फेरीबोटीच्या धक्क्याकडून मेम्नॉनच्या पुतळ्यांकडे जाताना हे गाव वाटेतच लागतं. पुष्कळ घरं आता पाडून तिथे काँक्रीटची झाली आहेत, मशीद मात्र उभी आहे. दुपारी तिथे थांबा. जाड मातीच्या भिंतींमुळे आत बाहेरपेक्षा चांगलाच गारवा असतो.