तुम्ही विचारलंत म्हणून: हे खरंच घडलं होतं का?

दर रविवारी न्यूजलेटर गेलं की सोमवार संध्याकाळपर्यंत दोन-तीन रिप्लाय तरी असे येतातच, की छान होतं, आवडलं, पण एक विचारू का, हे खरंच घडलं होतं? मी कथाही पाठवते आणि आठवणीही, एकाच लिस्टला, एकाच नावानं, त्यामुळे विचारणाऱ्यांचा काही दोष नाही. इतके दिवस मी "अर्धं अर्धं" असं लिहून एक स्मायली टाकून मोकळी व्हायचे. ते उत्तर खोटं आहे. अर्धं अर्धं मी आता करत नाही. आधी करायचे, आणि दोनदा चांगली तोंडावर आपटले.

पहिल्यांदा कथेमुळे. एक बाई घर सोडून निघते, बॅग भरलेली आहे, चावी चपलांच्या रॅकवर ठेवते, परत उचलते, परत ठेवते, एवढीच गोष्ट. "मी" म्हणून लिहिलेली, आणि सब्जेक्टमध्ये मी हौसेनं टाकलं होतं "मी घर सोडलं त्या दिवशी". पाठवून निवांत झोपले. सकाळी बघते तर इनबॉक्समध्ये सांत्वनाची पत्रं! एका वाचक काकांनी लिहिलं होतं की ओळखीत वकील आहेत, संकोच करू नका. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकानं तर त्याला बाजूला घेऊन, खांद्यावर हात वगैरे ठेवून, सगळं ठीक आहे ना रे घरी, असं विचारलं. नवरा घरी येऊन म्हणाला, गेलीसच आहेस तर येताना दूध घेऊन ये.

तेव्हा हसलो, पण मला ते टोचत राहिलं, कारण कथा नीट जमलीय म्हणून लोक फसले असं मला वाटून घ्यायचं होतं आणि तसं नव्हतं. कारण साधं होतं. पुस्तक हातात येतं तेव्हा कव्हरवर लिहिलेलं असतं, कथासंग्रह, कादंबरी, आत्मचरित्र. मासिकात वर सदराचं नाव असतं. मेलमध्ये काय असतं? पाठवणाऱ्याचं नाव, त्यापुढे सब्जेक्ट, त्यापुढे पहिल्या ओळीचा तुकडा. म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि भाच्याच्या वाढदिवसाचे फोटो यांच्या मधोमध माझं नाव, आणि त्याच्यापुढे "मी घर सोडलं". दुसरं काय समजायचं कुणी?

फिलीप लजन नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं 1975 मध्ये आत्मचरित्राबद्दल एक मुद्दा मांडला होता, तो मला फार नंतर कळला. त्याचं म्हणणं ढोबळमानानं असं की लेखक, निवेदक आणि गोष्टीतलं मुख्य माणूस हे तिघं एकाच नावाचे असले की वाचक आणि लेखकात एक न बोललेला करार होतो, हे माझ्याबद्दल आहे आणि मी खरं सांगतोय. आता गंमत बघा, न्यूजलेटरमध्ये हा करार कथेच्या बाबतीतही आपोआप होऊन जातो, मी सही केलेली नसताना. माझं नाव तर वरच्या कॉलममध्ये छापलेलंच आहे, आणि "मी" म्हणणारी बाई तिच्या नावाशिवाय फिरतेय, मग वाचक ते नाव तिला चिकटवणारच.

म्हणून आता सब्जेक्टमध्ये पहिला शब्द "कथा" किंवा "आठवण". दिसायला बावळट दिसतं, थोडी मजा जाते हेही कबूल, काही वाचकांनी तर कळवलं की आधीच सांगू नका, शेवटी सांगा. पण शेवटी सांगितलं की वाचलेलं सगळं मागे जाऊन परत वाचावं लागतं, वेगळ्या नजरेनं, आणि मला तो चमत्कार स्वस्त वाटतो. लेबल लावायला लागल्यावर उलट कथा जास्त मोकळी झाली. "मी" म्हणून खून केला तरी कुणी वकील सुचवत नाही.

दुसरं आपटणं आठवणीचं, आणि ते जास्त लागलं.

बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं. त्यात धो धो पाऊस, गेटपाशी थांबलेली गाडी, आणि बाबांच्या डोक्यावर छत्री धरून मी, माझा उजवा खांदा पूर्ण भिजलेला. खूप रिप्लाय आले. त्या भिजलेल्या खांद्याबद्दलच आले. आणि ताईचा एक, तीन ओळींचा: "त्या दिवशी पाऊस नव्हता. कडक ऊन होतं, बाबांच्या डोळ्यांना त्रास होत होता म्हणून छत्री उघडली. आणि ती मी धरली होती, तू पुढे फाइल घेऊन पळत होतीस."

मी तिच्याशी फोनवर अर्धा तास भांडले. मग जुन्या फाइली काढल्या, डिस्चार्जचा कागद सापडला, तारीख एप्रिलची. एप्रिलमध्ये धो धो पाऊस! छत्री मला बरोबर आठवत होती, आणि छत्री आहे म्हणजे पाऊस असणार हे डोक्यानं स्वतःच भरून टाकलं, एकदा पाऊस आला की खांदा भिजणं आलं, आणि छत्री धरणारी म्हणून मी आले. एकेक पायरी अगदी सरळ होती, खोटं बोलायचा कुठेही इरादा नव्हता, आणि तरी शेवटी माझ्या बहिणीच्या हातातली छत्री मी घेतली होती आणि अनोळखी लोकांकडून त्याबद्दल शाबासकीही.

पुढच्या रविवारी दुरुस्ती पाठवली. मेलचं हे वाईट असतं, एकदा गेला की गेला. वेबवरची प्रत बदलता येते, पण लोकांच्या इनबॉक्समध्ये तो पाऊस अजून पडतोच आहे.

तर आठवण लिहिताना आता माझे काही हट्ट आहेत. जुने संवाद अवतरण चिन्हात टाकायचे नाहीत, एखादं वाक्य कानात तसंच्या तसं बसलेलं असेल तेवढंच, बाकी "तो म्हणाला की" करून सांगायचं. वीस वर्षांपूर्वीचं पानभर संभाषण कुणी शब्दशः लिहिलेलं दिसलं की मी वाचक म्हणूनही सावध होते. जे आठवत नाही तिथे "इथे मला काही आठवत नाही" असं सरळ लिहायचं, आणि नवल म्हणजे त्या ओळीवर सगळ्यात जास्त रिप्लाय येतात, लोक स्वतःच्या आठवणींतली भोकं सांगायला लागतात. आणि हयात माणसाबद्दल असेल तर पाठवायच्या आधी त्याला दाखवायचं. नाव बदलून पाठवलं असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही, मेल फॉरवर्ड होत होत बरोबर त्याच माणसाकडे पोचतो. एका मैत्रिणीनं ड्राफ्ट वाचून नको म्हटलं, तर तो ड्राफ्ट तसाच पडलाय. चांगला होता. असो.

कुणी म्हणतं एवढा त्रास कशाला, सरळ ऑटोफिक्शन म्हण, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातलं खरं आणि रचलेलं मिसळून केलेलं लिखाण. हा शब्द सर्ज दुब्रोव्स्की या फ्रेंच लेखकानं 1977 मध्ये स्वतःच्या लिखाणासाठी वापरला, आणि ज्याला तो पेलतो त्यानं जरूर वापरावा. मी वापरला असता तर ताईला सांगायला बरं झालं असतं, की अगं ते ऑटोफिक्शन होतं. नेमकं म्हणूनच वापरत नाही.

लांबीबद्दलही काही जण विचारतात, की कथा एवढ्या छोट्या का. त्यात कलेचा भाग अर्धाच. जीमेल साधारण 102 केबीच्या वर गेलेला मेल मधेच कापतं आणि खाली पूर्ण मेसेज बघायची एक बारकी लिंक ठेवतं. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, रोमन अक्षर एकच खातं, वर टेंप्लेटचं वजन वेगळं, त्यामुळे आपण लवकर कापले जातो. माझी एक तीन हजार शब्दांची कथा शेवटच्या दोन परिच्छेदांआधी कापली गेली, आणि तीन जणांनी कळवलं की शेवट अप्रतिम, काय जागी सोडलंय! मी परत वाचून बघितली. त्यांचं बरोबर होतं. आता बाराशे शब्दांच्या वर मी जात नाही.

आणि किती जणांनी मेल उघडला हा आकडा मी बघायचं सोडलंय. 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय आली, ती चालू असेल तर ते ॲप मेलमधली चित्रं, ज्यांवरून मेल उघडल्याचं मोजतात, आधीच उतरवून ठेवतं आणि न उघडलेला मेलही उघडला म्हणून मोजला जातो. रिप्लाय मोजते मी. त्यात "हे खरंच घडलं का" हेही मोजते.

पावसाचं काय झालं तेही सांगते. तो वाया घालवायचा नव्हता. आठ महिन्यांनी एक कथा लिहिली, त्यात खरोखर पाऊस आहे, एक म्हातारा गेटपाशी उभा आहे, आणि त्याच्या दोन मुलींमध्ये छत्री एक आहे आणि ती कोण धरणार यावर दोघी न बोलता भांडताहेत, तोवर म्हातारा भिजून जातो. हे कधीही घडलेलं नाही. सब्जेक्टमध्ये पहिला शब्द "कथा".

ताईचा रिप्लाय दहा मिनिटांत आला. "कथा असेल. छत्री माझीच आहे."