एसी बदलायचा की दुरुस्त करायचा? आधी गळती कुठं आहे ते बघा

मार्च लागला की बेळगावात घरोघरी एकच चौकशी सुरू होते: एसी दहा वर्षांचा झाला, आता बदलायचा का? नुसत्या वयावर हा निर्णय घेऊ नका. टिळकवाडीत वर्षाला अडीच महिने, तेही रात्रीपुरता चालणारा एसी आणि अथणीत फेब्रुवारीच्या शेवटापासून दुपारीही चालणारा एसी, दोघांचं वय एकच असलं तरी झीज सारखी नसते. तीन गोष्टी बघायच्या: बिघाड नेमका कशात आहे, आत गॅस कोणता आहे आणि वर्षाला तास किती चालतो.

पहिली तपासणी घरीच होते. फिल्टर धुवून कोरडे करा, रिमोटवर १६ अंश ठेवा, पंखा जोरात, दारं-खिडक्या बंद. पंधरा मिनिटांनी साधा थर्मामीटर आधी वरच्या जाळीपाशी, जिथून हवा आत ओढली जाते तिथं धरा आणि मग खालच्या थंड झोतात. फरक ८ ते १२ अंशांचा असेल तर मशीन ठीक आहे. मग खोली गार होत नसेल तर दोष खोलीत शोधा. खानापूर भागात मंगळुरी कौलांखाली फॉल्स सीलिंग न करता एसी लावलेला दिसतो. तिथं दोन टनाचा नवा आणला तरी गारवा कौलांच्या फटींतूनच जाणार.

फरक कमी असेल तर लगेच 'गॅस संपला' हे उत्तर मान्य करू नका. आधी बाहेरच्या युनिटची कॉइल बघा. रायबाग-चिकोडी पट्ट्यात गाळप हंगामात कारखान्यांची राख उडते आणि ती फिन्समध्ये, म्हणजे कॉइलवरच्या पातळ पत्र्यांमध्ये, घट्ट बसते. कॉइल आतून बाहेर अशा दिशेनं, कमी दाबाच्या पाण्यानं धुतली तर बराच फरक पडतो. जोरदार फवाऱ्यानं मात्र फिन्स वाकतात.

बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर गुणगुणतो आणि काही सेकंदांत बंद पडतो, हे साध्या, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालणाऱ्या बिगर-इन्व्हर्टर एसीचं नेहमीचं दुखणं. यात बहुतेक वेळा कॉम्प्रेसर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर गेलेला असतो. त्यावर ३५, ४५ किंवा ५० मायक्रोफॅरड असा आकडा छापलेला असतो. मीटरवर तो त्याहून दहा टक्क्यांनी कमी आला तर बदलायचा. काही शे रुपयांचं हे काम असतं. त्यासाठी 'कॉम्प्रेसर गेला' असं ऐकून चांगलं मशीन भंगारात घालणारे बरेच आहेत, याची खरंच हळहळ वाटते. कॉम्प्रेसर खरोखर गेलाय की नाही हे वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचा रोध मोजून कळतं: कॉम्प्रेसरला कॉमन, स्टार्ट आणि रन अशी तीन टोकं असतात, त्यातल्या कॉमन-स्टार्ट आणि कॉमन-रन यांची बेरीज स्टार्ट-रनइतकी आली पाहिजे आणि कोणतंही टोक बॉडीला लागलेलं नको.

आता गॅस. एसीतला गॅस वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहेच. म्हणून दरवर्षी गॅस भरून घेणं हा दरवर्षी वाया जाणारा खर्च आहे. मेकॅनिकला नायट्रोजन भरून ३०० पीएसआयच्या आसपास दाब द्यायला सांगा, साबणाच्या पाण्यानं सांधे तपासा आणि शक्य असेल तर दाबाचा काटा रात्रभर तसाच जोडून ठेवा, काटा उतरला तर गळती आहे. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी मिळून स्फोट होतो.

गळती फ्लेअर नटला, म्हणजे नळी युनिटला जोडणाऱ्या नटला सापडली तर फ्लेअर (नळीचं पसरवलेलं तोंड) नव्यानं करून काम संपतं. बाहेरच्या तांब्याच्या कॉइलला वेल्डिंग बसतं. पण आतल्या कॉइलला बारीक छिद्रं पडली असतील तर वेगळा विचार करावा लागतो. रंग, प्लायवूडचा गोंद, फरशी पुसायची द्रावणं यांच्या वाफेतलं आम्ल आणि कॉइलवरचं पाणी मिळून तांबं आतून कुरतडलं जातं. एक छिद्र बुजवलं की हंगामात दुसरं उघडतं. अशी कॉइल पूर्ण बदलायची. कंपनीकडं मिळत नसेल तर एसी बदलायचा.

युनिटच्या पाटीवर आर-२२ लिहिलेलं असेल तर मोठा खर्च करूच नका. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नव्या मशीनसाठी हा गॅस वापरता येत नाही आणि २०३० पर्यंत तो जवळजवळ पूर्ण बंद व्हायचा आहे. त्याच्या जागी आर-३२ भरून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा. आर-३२चा दाब दीडपटीहून जास्त, तेल वेगळं, शिवाय तो पेट घेऊ शकतो.

इन्व्हर्टर एसीत बहुतेकदा पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी, जाते. आधी वॉरंटी कार्ड काढा. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी अनेक कंपन्या देतात, पण गॅस, मजुरी आणि पीसीबी त्यात असतीलच असं नाही. सगळं धरून खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला आणि मशीन आठ-दहा वर्षांचं असलं, तर नवाच घ्यावा.

विजेचा हिशेब मांडून बघा. जुना दीड टनी तासाला सरासरी १.२ युनिट आणि नवा पाच स्टार ०.६ युनिट खातो असं धरू, दर सगळं मिळून ७ रुपये. बेळगाव शहरात ७५ रात्री, सहा तास, म्हणजे ४५० तास: बचत २७० युनिट, १,८९० रुपये. चाळीस हजारांचा एसी यातून वसूल व्हायला वीस वर्षं लागतील. चालू मशीन ठेवा. अथणीत १२० दिवस, दहा तास धरले तर ७२० युनिट, ५,०४० रुपये. तिथं आठ वर्षांत पैसे निघतात.

गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत घरगुती विजेच्या योजनेचा लाभ असेल तर हिशेब पालटतो. महिन्याला २०० युनिट ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. रोज सहा तास धरले तर जुना एसी महिन्याला २१६ युनिट एकटाच खातो, नवा १०८. घरचा बाकीचा वापर ९० असेल तर नव्यासह १९८ होतात. अगदी काठावर, पण आत. फक्त आपली सवलत किती युनिटांची ठरली आहे ते हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावर बघून घ्या, कारण ती २०२२-२३च्या सरासरी वापरावर बेतलेली आहे. त्यावरचे युनिट दोनशेच्या आत असले तरी त्यांचे पैसे पडतात.

नवा बसवताना आर-२२ची जुनी पाइप वापरू नका, तिच्यात जुनं तेल राहिलेलं असतं. व्हॅक्यूम पंप किमान वीस-तीस मिनिटं लावून घ्या. नुसता गॅस सोडून हवा काढणं चालत नाही. जुना उतरवताना पंप डाऊन करायला सांगा: कॉम्प्रेसर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद, मग जाड नळीचा, लगेच मशीन बंद. गॅस बाहेरच्या युनिटमध्ये साठून राहतो. एक्स्चेंजचा भाव ठरवताना कॉइल तांब्याची आहे हे आधी सांगा आणि भंगारवाल्याचा भाव विचारूनच दुकानात जा.