पॅरिस सोडून रॉकफोरला काय होतं?

फ्रान्सला जाऊन आले म्हटलं की लोक पॅरिसबद्दल जेमतेम ऐकून घेतात आणि मग तो प्रश्न येतोच: "त्या चीजच्या खेड्यात कशाला गेला होतात? होतं काय तिथे?"

तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगते. वरवर बघण्यासारखं तिथे फारसं नाही. रॉकफोर म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं पाच-सहाशे वस्तीचं गाव, कोंबालू नावाच्या चुनखडीच्या डोंगराला बिलगलेलं. खरी मौज जमिनीखाली. फार पूर्वी या डोंगराचा कडा ढासळला आणि दगडांत खोल भेगा राहिल्या. त्यांतून तळघरांत बारा महिने गार, ओलसर वारा खेळतो. भर उन्हाळ्यात मला शाल आठवली! भेगेच्या तोंडाशी हात धरला की वारा चक्क बोटांना लागतो. ओकच्या फळ्यांवर मेंढीच्या कच्च्या दुधाचं चीज, पांढरी चाकं कडेवर उभी केलेली. निळ्या बुरशीला आतपर्यंत हवा मिळावी म्हणून प्रत्येक चाक सुयांनी टोचलेलं. या तळघरांत न मुरलेल्या चीजला रॉकफोर म्हणायचं नाही, हे 1925 पासून कायद्यानेच ठरलंय.

पण माझं माहेर वर्ध्याचं, त्यामुळे मला ओढ होती ती शेजारच्या लार्झाक पठाराची. दगडाळ माळ, खुरटं गवत आणि मेंढ्या. चीजला दूध पुरवणाऱ्या या मेंढपाळ शेतकऱ्यांवर 1971 मध्ये संकट आलं. तिथला लष्करी तळ 3,000 हेक्टरवरून 17,000 वर न्यायचं सरकारने ठरवलं. पुढच्याच वर्षी लांझा देल व्हास्तो नावाचे इटालियन गांधीवादी शेतकऱ्यांच्या बाजूने तिथल्या ला काव्हालरी गावात उपोषणाला बसले. हे गृहस्थ 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेलेले. 'शांतिदास' हे नाव गांधीजींनीच दिलेलं. 103 शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली, मेंढ्या थेट आयफेल टॉवरखाली नेऊन सोडल्या. असं दहा वर्षं चाललं. 1981 मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि योजना बारगळली. आमच्या वर्ध्यात किती जणांना हे ठाऊक असेल?

आणि हो, शाकाहारी मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणून आधीच सांगते: हे दूध घट्ट करायला जनावराच्या जठरातलं रेनेट लागतं. खायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला ते फार खारट लागलं. अक्रोड आणि पावाबरोबर मात्र छान जमलं.